परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

चित्रप्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवणारी पत्रकं वाचताना शेवटी एक ओळ हमखास भेटते: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. त्याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही.’ पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणीतरी निवड करायलाच हवी. दुसरं वाक्य मात्र मला टोचतं. आवाहन चव्हाट्यावर आणि निवड बंद खोलीत, मग ते आवाहन खुलं कसलं?

याउलट कुस्तीचा आखाडा पाहा. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेच्या शेवटच्या लढती झाल्या. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत पंचांनी राक्षे चीत झाल्याचा कौल दिला आणि वाद पेटला. प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेलं, ते चूकच. पण पाठ टेकली होती की नव्हती, यावर कुणालाही बोलता आलं, कारण कुस्ती सगळ्यांसमोर झाली होती. नाकारलेल्या चित्राच्या वाट्याला तेवढंही येत नाही. त्याची पाठ कुठे टेकली, हे चित्रकारालाही कळत नाही.

म्हणून न्यूयॉर्कच्या ‘एपेक्सआर्ट’ या संस्थेची रीत मला मोलाची वाटते. तिथे प्रदर्शनाचा प्रस्ताव पाचशे शब्दांत लिहून द्यायचा असतो. सोबत चित्र नाही, छायाचित्र नाही, प्रस्ताव कुणाचा हे पंचांना कळत नाही. देशोदेशीचे शेकडो पंच तो वाचून गुण देतात. गुरू कोण, याआधी कुठल्या दालनात प्रदर्शन झालं, या प्रश्नांना तिथे जागाच उरत नाही. अकोल्याच्या किंवा पारनेरच्या एखाद्या चित्रकला शिक्षकासाठी ही केवढी मोकळीक आहे!

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ज्याची लेखणी चालते तो जिंकेल, ज्याचा फक्त कुंचला चालतो तो मागे राहील. आपल्याकडे असं आवाहन निघालं, तर प्रस्ताव मराठीत आणि तोंडी सांगायचीही मुभा हवी. प्रस्ताव म्हणजे चित्र नव्हे. काय मांडायचं, कुणासाठी आणि इथेच का, याचा तो विचार आहे. तो बोलीतही सांगता येतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: लोकांना काय कळतं? १८६३ साली पॅरिसच्या राजमान्य प्रदर्शनाने हजारो कलाकृती नाकारल्या. ओरड झाली, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक झुंडीने आले आणि एदुआर माने यांच्या चित्रासमोर हसले. तेच चित्र पुढे थोर मानलं गेलं. म्हणजे परीक्षक चुकले आणि गर्दीही चुकली. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात २००९पासून ‘आर्टप्राइझ’चं बक्षीस लोकांच्या मतांवर दिलं जाई. पुढे तज्ज्ञांचं बक्षीसही आलं. २०१४मध्ये दोन्ही बक्षिसं प्रत्येकी दोन लाख डॉलरची होती; अनिला कय्यूम आगा यांच्या ‘इंटरसेक्शन्स’ या कलाकृतीला लोकांनी निवडलं, आणि तज्ज्ञांच्या बक्षिसातही तिचा वाटा होता.

तेव्हा लोक शहाणे की तज्ज्ञ, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. निवडणाऱ्याला आधी काय दाखवलं आणि नंतर त्याला काय सांगावं लागलं, हे महत्त्वाचं.

याचा धडा घ्यायला न्यूयॉर्कला जायला नको. अहिल्यानगरपासून जवळच हिवरे बाजार हे गाव आहे. तिथे पावसाची मोजणी होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. ऊस-केळीला नकार, शेतीसाठी बोअरवेलला नकार. असे कडू निर्णय गावाने पचवले, कारण हिशोब सगळ्यांसमोर होता. पाणलोटाचं शास्त्र जाणणारी माणसं तिथे लागलीच. पण त्यांनी सांगितलं आणि गावाने ठरवलं.

शहरातल्या प्रदर्शनासाठी असंच पंचमंडळ का नेमू नये? दोन चित्रकार, एक पाट्या रंगवणारा, मूर्ती घडवणारा, शाळेतली बाई, एखादा शेतकरी, एखादी महाविद्यालयीन मुलगी. पहिल्या बैठकीत जाणकारांनी त्यांना चित्रं पाहायला शिकवावं. मग नावं झाकलेले प्रस्ताव मोठ्याने वाचावेत, प्रत्येक पंचाने आपल्या गुणाचं कारण दोन ओळींत लिहावं. वेळ लागेल, भांडणंही होतील. ती होऊ द्यावीत. चित्रावरून भांडणारं गाव मला हवं आहे.

आणि पत्रकाच्या तळाशी छापावं: ‘निवडीची आणि नकाराची कारणं सभेत वाचली जातील. प्रस्ताव देणाऱ्या सर्वांनी यावं, प्रश्न विचारावेत.’