खिडकी बंद असेल तर?

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्याशी उर्दूचे एक जिव्हाळ्याचे नाते आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेसच्या नेत्यांना इंग्रज सरकारने येथे आणून कैदेत ठेवले. नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे मुलांना ठाऊक असते. मौलाना अबुल कलाम आझादांनी ‘गुबारे खातिर’मधील बहुतेक पत्रे येथेच लिहिली, हे मात्र उर्दू शाळेतही सांगावे लागते.

१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मार्च १९४३ मध्ये लिहिलेली ‘चिडिया चिडे की कहानी’ आहे. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली. काडीकचऱ्याने हैराण होऊन त्यांनी आधी छत्री, मग बांबू उगारला. चिमण्या हटेनात. अखेर मौलानांनीच तह केला, तांदळाचे दाणे टाकू लागले आणि चिमण्या अगदी जवळ येऊ लागल्या. पुढे एका पिल्लाला पंख फुटले, पण ते मलूल होऊन पडून राही. आई येऊन भरवी. एके दिवशी मात्र ते अंग झटकून उठले आणि उडाले. मौलानांच्या म्हणण्याचा आशय असा, की ताकद पिल्लात आधीच होती. आपण उडणारे आहोत ही ओळख तेवढी पटायची होती.

नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट दरवर्षी वाचून दाखवते. मुले त्या पिल्लाच्याच वयाची असतात. शेवटी बी.एड.च्या शिस्तीने फळ्यावर तात्पर्य लिहीत असे : ‘स्वतःला ओळखा.’ दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मॅडम, खिडकी बंद रहती तो?” वर्ग हसला. मीही हसले आणि तास संपवला.

दहावीच्या वर्षी तीच मुलगी शाळेत येईनाशी झाली. मी घरी गेले. वडील फळांची हातगाडी लावतात. चहा झाला. गावात अकरावीची सोय नाही, शहरात जायचे तर एस.टी., परतायला दिवेलागण. मग दहावी तरी कशाला, असा त्यांचा हिशेब होता. लेकीने गोष्ट घरी सांगितली असावी. ते म्हणाले, “पर हैं, मालूम है मेरेकू. बाहर चील बी तो है.” पंख आहेत, पण बाहेर घारही आहे.

मला चटकन उत्तर देता आले नाही. आपण अशा बापाला मागासलेला म्हणून मोकळे होतो. पण त्याची भीती खोटी नव्हती आणि तो लेकीचा दुश्मनही नव्हता. तरीही मनात आले, गुन्हा घारीचा आणि कैद पिल्लाला, हा कुठला इन्साफ?

परतताना मला माझीही चूक दिसली. ‘स्वतःला ओळखा’ एवढेच सांगितले, की जो उडत नाही तो आपल्याच कर्माने उडत नाही, असा अर्थ होतो. बंद खिडकीचा दोष आपण पिल्लावर टाकतो. बंद दार म्हणजे काय, हे मौलानांना पुरते ठाऊक होते. ही गोष्ट लिहिल्यानंतर महिनाभरातच, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेटही झाली नाही.

घरी येऊन मी ती पत्रे पुन्हा वाचली. पिल्लू उडाले त्याच्या कितीतरी आधी त्या खोलीतल्या मोठ्या माणसाने हातातला बांबू खाली ठेवला होता. हा भाग मी गंमत म्हणून भराभर वाचून टाकत असे. मुलांनी मोठे व्हावे असे वाटत असेल, तर बांबू आधी आपण ठेवायला हवा. उडणे पिल्लाचे काम आहे. खिडकी त्याच्या हातात नाही.

मग शाळेत पालकांना बोलावले. शहरात शिकू पाहणाऱ्या आणखी तीन मुली निघाल्या. चौघींनी एकाच एस.टी.ने जायचे, संध्याकाळी एकेका वडिलांनी पाळीपाळीने स्टँडवर थांबायचे, असे ठरले. घार त्यामुळे नाहीशी झाली नाही. पण त्या मुलीने दहावीची परीक्षा दिली आणि आता ती अकरावीला जाते. पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही.

गोष्ट मी अजूनही शिकवते. फळ्यावर आता तात्पर्य लिहीत नाही. त्या मुलीचा प्रश्न लिहिते आणि वर्गाला बोलू देते.