वृंदगानातील गुण आणि श्रद्धा

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत वृंदगान, म्हणजे अनेकांनी वेगवेगळ्या स्वररेषा एकाच वेळी गाण्याची, मुख्यतः ख्रिस्ती उपासनेत वाढलेली पद्धती, हा श्रेयांक असलेला रीतसर विषय असल्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र श्रेणी द्यावी लागते; आणि गायल्या जाणाऱ्या रचनांपैकी पुष्कळशा धार्मिक असल्याने, ही श्रेणी नेमकी कशाला दिली जाते, हा प्रश्न अध्यापनशास्त्रापुरता उरत नाही. शालेय वृंदगानाच्या महोत्सवांत परीक्षक संपूर्ण वृंदाला दर्जा देतात, परंतु त्यावरून एकेकट्याविषयी फारसे कळत नाही, कारण मोजके पक्के गळे बाकीच्यांना सहज सांभाळून नेतात. म्हणूनच नजरवाचन, म्हणजे प्रथमच पाहिलेली स्वरलिपी तत्काळ गाऊन दाखवणे, किंवा प्रत्येक स्वररेषेला एकच गायक ठेवून घेतलेली चाचणी, या पद्धती अधिक विश्वसनीय ठरतात.

श्रद्धेचे काय? सॉल्ट लेक सिटीतील एका ज्यू विद्यार्थिनीने शालेय वृंदातील ख्रिस्ती गीतांविरुद्ध लढवलेला दावा संघराज्याच्या अपील न्यायालयाने 1997 मध्ये फेटाळला. आक्षेपार्ह गीते न गाण्याची मुभा तिला होती आणि त्याचा श्रेणीवर परिणाम होणार नाही, असे आश्वासनही दिले गेले होते. या सवलतीतून, कदाचित कोणाच्या मनात नसतानाही, एक सिद्धान्त निष्पन्न होतो: गीत न गाताही श्रेणी अबाधित राहत असेल, तर ती त्या गीताची नसून कोणत्याही अन्य रचनेतून दाखवता येणाऱ्या क्षमतेची असली पाहिजे.

गाणे आणि त्यामागील श्रद्धा यांतील हे अंतर जुनेच आहे. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कबूल केले आहे की, गायिलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच मन हेलावले तर आपल्या हातून पाप घडले असे त्याला वाटे. त्याला ज्याची धास्ती होती तो नादाचा गोडवाच परीक्षकाच्या कानाला उपलब्ध असतो. त्यामागील भक्ती मात्र नसते, आणि एखादा नास्तिक विद्यार्थी संगीतकार बाखची धार्मिक रचना श्रद्धाळू सहाध्यायाहून सरस गाऊ शकतो, यात विसंगती काहीच नाही. त्यामुळे गुणपत्रकांत आढळणारे ‘भावाभिव्यक्ती’ हे संदिग्ध शीर्षक उच्चार, श्वासाचे नियोजन आणि आवाजाचे चढउतार अशा ऐकू येणाऱ्या घटकांत फोडले पाहिजे, आणि जे त्यांत बसत नाही त्याला गुण देण्याचा अधिकार शाळेला नाही.