अन्नब्रह्म आणि रिकामे ताट



तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू आपल्या पित्यापाशी ब्रह्मज्ञान मागतो. तप केल्यावर त्यास ब्रह्म म्हणून जे प्रथम कळते ते अन्न होय. पुढे प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत तो आनंदापर्यंत पोहोचतो. परंतु आनंद सांगून झाल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि व्रते देते : अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, पुष्कळ पिकवावे, आश्रयास आलेल्यास विन्मुख धाडू नये.

पुष्कळ पिकविण्याचे व्रत जगाने बऱ्याच अंशी पाळले. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 साली सुमारे 67 कोटी माणसे भुकेली होती. आणि 2022 साली दुकाने, खाणावळी व घरे मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील निम्म्याहून अधिक घरांतूनच! मग ही भूक येते कोठून?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनांत ऐकतो. विठ्ठलाने बादशहाकडे धान्याची रक्कम भरली, येथे आपल्या माना डोलतात. पण कथेतील पहिली गोष्ट आपण विसरतो. लोक तडफडत असता कोठारे भरलेली होती.

1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापूर, कलादगी, धारवाड, बेळगाव हा मुलूख होरपळला. मच्छे परिसरास सह्याद्रीचा पाऊस लाभतो, म्हणून भात पिकते. याच जिल्ह्यातील अथणीकडे आभाळ कृपण. पाऊस पडला नाही हे खरेच. तथापि त्याच काळात हिंदुस्थानातून धान्य जहाजांत भरून परदेशी जात होते. 1877 साली तर दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी धान्याच्या एका रत्तलाच्या, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमच्या, हिशेबाने कापली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्याने त्यावर जगावे! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गाऱ्हाणी मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगासही मान्य करावे लागले की, दुष्काळ हा धान्याइतकाच कामाचा व वेतनाचा असतो.

हा धडा महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात गिरविला. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाझर तलाव खोदले गेले, रस्ते झाले, मुलांना सुकडी मिळाली. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला. भिक्षा नव्हे, काम मागण्याचा हक्क! माझ्या मते हे अन्नदानाहून थोर अन्नदान होय.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. महाप्रसादानंतर पत्रावळी उचलताना भाताचे ढीग मी पाहिले आहेत. ते गाईगुरांना जातात एवढेच समाधान. त्याहून बोचते ते निराळेच. लावणीच्या हंगामात आपल्यांपैकी काहींच्या शेतांवर राबलेल्या बायका मजुरीसाठी पंधरा-पंधरा दिवस खेटे घालतात, आणि त्याच घरांतून मंदिरास तांदळाचे पोते येते. ते पोते देवापुढे ठेवताना माझा हात अडखळतो.

म्हणून विनंती अशी. येत्या महाप्रसादास वाढप्यांनी पहिल्या वेळी अर्धाच भात वाढावा, मागेल त्यास पुन्हा हवा तेवढा द्यावा. आणि ज्यांच्याकडे कोणाची मजुरी थकली असेल, त्यांनी ती आधी चुकती करावी. मग पोते आणावे. उशीर झाला तरी मंदिराचे दार उघडेच असेल.