आधी बसून हिशेब करा



दि. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती आली. २००९ साली नॅनो आली. स्कूटरवर दाटीने बसलेले कुटुंब पाहून कै. रतन टाटा यांना तिची कल्पना सुचली होती. या दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. परंतु पहिल्या नव्या लहान मोटारीची इच्छा मंठाळसारख्या गावातही पुष्कळांच्या मनात आहे. ही इच्छा पाप नव्हे. पावसात लेकरे भिजू नयेत असे कोणत्या बापाला वाटत नाही?

तथापि लूक १४:२८ मध्ये प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्यास आधी बसून खर्चाचा हिशेब करावयास शिकवितो. मोटारीचा खर्च किमतीवर संपत नाही. कर्जाचा हप्ता, विमा, पेट्रोल, टायर, दुरुस्ती हेही त्यात आले. पाऊस हुकून तुरीचे पीक गेले, तरी हप्ता थांबत नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घेतली, तर त्या हप्त्यापायी मुलांची फी आणि प्रभूचा दशमांश दोन्ही बुडतात.

हिशेबात आणखी एक ओळ लिहावी: मागची जागा कोणासाठी? रात्री अडलेल्या शेजारणीला बसवकल्याणच्या दवाखान्यात नेण्यास, एकट्या विधवेला रविवारी उपासनेस आणण्यास ती मोकळी असेल काय?

नवी गाडी दारी आली की आपण पाळकसाहेबांना प्रार्थनेस बोलावितो. ती प्रार्थना कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच करू या. प्रभू आपणांस सुबुद्धी देवो. आमेन.