शोधाचा खेळ आणि स्थळाचा मान

शिक्षणशास्त्रातील काही वाद प्रत्येक पिढीस नव्या वेषात भेटतात. मुलास आपला गाव पुस्तकातून शिकवावा की पायांनी, हा त्यांपैकीच एक होय. सध्या तो जिओकॅशिंग नावाच्या खेळाच्या वेषात आपणापुढे आला आहे. इ. स. २००० च्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या स्थाननिर्देशक संकेतांत बुद्ध्या ठेवलेली अशुद्धता काढून टाकली, आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र पूर्वीपेक्षा सुमारे दसपट अचूक अक्षांश-रेखांश सांगू लागले. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधून काढणाराने वहीत नोंद करावी, काही घ्यावे व काही ठेवावे, एवढाच नियम. तेथून हा खेळ जगभर पसरला; आणि आता प्राथमिक शाळेत परिसराचा व समाजाचा अभ्यास त्याच्या साहाय्याने शिकवावा, असे सुचविले जाते. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत तो चालेल काय, हा सोयीचा प्रश्न झाला. तो कोणत्या मर्यादेत चालवावा, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि येथे त्याचाच विचार करावयाचा आहे.

खेळाची बाजू दुबळी नाही. तिसरीच्या मुलांसाठी जिल्हावार निराळी परिसर अभ्यासाची पुस्तके काढण्यात आली, त्यामागे मुलाने जवळून दूर जावे हेच तत्त्व होते. परंतु पुस्तक जिल्ह्याचे असले म्हणून ज्ञान जिल्ह्याचे होतेच असे नाही. लातूरच्या मुलास गंजगोलाईची आखणी १९१७ साली झाली व तिला सोळा रस्ते मिळतात, हे पाठ असू शकते; पण एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर चपलांची दुकाने आणि तिसऱ्यावर गूळ-मिरचीचा व्यापार असे का, हे त्याने कधी कोणास विचारलेले नसते. एखाद्या दुकानदाराच्या संमतीने तेथे एक डबी ठेवावी, तीत बक्षिसाऐवजी हाच प्रश्न ठेवावा, आणि उत्तर दुकानदाराकडूनच मिळवावे लागेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे मुलास इतिहास, भूगोल आणि व्यवहार ही तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात. शिवाय या यंत्रात एक मोठा शहाणपणाचा दोष आहे. ते आपणास इष्ट स्थळाच्या काही पावलांपर्यंत आणून सोडते. उरलेली पावले डोळ्यांनी व बुद्धीने चालावी लागतात. माझ्या मते समाजाचा अभ्यास या शेवटच्या पावलांतच असतो.

रूसोने १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’ ग्रंथात याच जातीची एक युक्ती आहे. दिशाज्ञानाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या शिष्यास गुरू माँमोरान्सीच्या रानात नेतो, वाट चुकल्याचा बहाणा करतो, आणि भुकेने रडकुंडीस आलेला मुलगा अखेर माध्यान्हीच्या सावलीवरून घरची दिशा काढतो. युक्ती उत्तमच, पण त्या रानात गुरू-शिष्यांवाचून कोणी नाही. आमच्या मुलांचे रान तसे निर्जन नाही. येथल्या प्रत्येक बिंदूवर कोणी राहिले आहे, मेले आहे किंवा हात जोडून उभे आहे. खेळाच्या दृष्टीने मात्र सर्व बिंदू सारखेच. येथूनच अडचणीस आरंभ होतो.

पहिली अडचण लोभाची आहे. जुन्या गढीत धनाचा हंडा पुरलेला असतो, ही कल्पना आपल्या प्रदेशास नवी नाही. गुप्तधनाच्या नादाने जुन्या वास्तूंच्या भिंती खणल्या गेल्या. १८७८ च्या कायद्यास दहा रुपयांहून अधिक मोलाच्या सापडलेल्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास देण्याचे बंधन घालावे लागले. आणि अशा शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांस महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यात शिक्षा सांगावी लागली. कंधारच्या किंवा उदगीरच्या किल्ल्यात मुलांस ‘खजिना’ शोधावयास सोडणारा शिक्षक नकळत याच वृत्तीस खतपाणी घालील. किल्ला हाच ठेवा आहे, हे ज्यास शिकवावयाचे, त्यास किल्ल्यातून काही काढून न्यावयास शिकविणे म्हणजे पाठाच्या आरंभीच पाठ बुडविणे होय.

दुसरी अडचण दुःखाची आणि श्रद्धेची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीच्या परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे किल्लारी नव्या जागी वसविण्यात आली. म्हणजे गावाचे अक्षांश-रेखांश बदलले, नाव राहिले, आणि स्मृती दोन्ही ठिकाणी विभागली गेली. गाव म्हणजे नकाशावरील बिंदू नव्हे, याचे याहून कठोर उदाहरण कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडावे? मुलास तेथे अवश्य न्यावे. पण जुन्या गावाच्या दगडांत डबी लपवू नये. ज्या दगडांखाली कोणाची माणसे शोधण्यात आली, तेथे दुसऱ्यांच्या मुलांनी शोधाचा आनंद मानावा, हे कोणत्याही शैक्षणिक लाभाने समर्थनीय ठरत नाही. तेथे त्या पहाटेची आठवण सांगू इच्छिणारा कोणी असेल, तर त्याच्यापाशी बसावे, एवढाच पाठ. नांदेडच्या हुजूर साहिबाविषयीही असेच म्हणता येईल. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला, त्या स्थळी लपविण्यासारखे काही नाही. लंगरात सर्वांबरोबर एका पंगतीत बसण्याने मुलास समाजाचे जे ज्ञान होईल, ते कोणत्याही डबीत मावणार नाही.

पंगतीच्या उल्लेखावरून तिसऱ्या आणि सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. अक्षांश-रेखांशांस जात नाही. वाटेस मात्र ती आजही आहे. मराठवाड्यातील कितीएक खेड्यांत गाव आणि वस्ती यांमधील अंतर यंत्र शेदोनशे पावले दाखवील, पण ते तुटावयास कित्येक पिढ्या पुरल्या नाहीत. खेळाचा नकाशा आखताना शिक्षक देऊळ, वेस, बाजार, नदीकाठ एवढेच बिंदू घेईल आणि वस्ती वगळील, तर त्यानेही एक पाठ दिलाच. तो पाठ असा की, वस्ती ही पाहण्याजोगी जागा नव्हे. उलट वस्तीत डबी ठेवून गावच्या मुलांस तेथे हुंदडावयास पाठविले, तर ज्यांच्या दारात हा गलका व्हावयाचा, त्यांची गरिबी म्हणजे इतरांच्या अभ्यासाचे साहित्य होऊन बसते. एकीकडे उपेक्षा, दुसरीकडे तमाशा. या दोहोंतून वाट कशी काढावयाची?

मला ती वाट खेळाच्याच एका नियमात दिसते. ज्याची जागा त्याची परवानगी घेतल्यावाचून डबी ठेवू नये, असा या खेळाचा संकेत आहे. शाळेने तो एक पाऊल पुढे न्यावा. ज्या मुलाचे स्थळ, त्यानेच डबी ठेवावी, प्रश्नही त्यानेच घालावा, आणि आलेल्या मुलांनी दिलेले उत्तर बरोबर की चूक हेही त्यानेच ठरवावे. मग वस्तीतील मुलगा पाहण्याचा विषय न राहता त्या दिवसापुरता गुरू होतो. आणि सरपंचाच्या मुलासही त्याच्या दारी जिज्ञासू म्हणून, ऐकणारा म्हणून उभे राहावे लागते. घरी यंत्र नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलाचा प्रश्नही येथे पुष्कळसा सुटतो. कारण लपविणारास यंत्र लागत नाही, आपली जागा ठाऊक असावी लागते. शोधणारांनीही पावले मोजून आणि सूर्य पाहून जावयास हरकत नाही.

‘काही घ्यावे, काही ठेवावे’ या नियमाचा शाळेपुरता अर्थ इतकाच की, मुलाने उत्तर घ्यावे आणि त्या स्थळाची ओळख ठेवावी. खेळाची परीक्षाही त्यावरूनच करता येईल. आठ दिवसांनी तेच मूल यंत्राशिवाय, शिक्षकाशिवाय त्या वाटेने गेले असता कोणी त्यास नावाने हाक मारली, आणि तेही थांबून बोलले, तर खेळ सफल झाला असे समजावे. तसे न घडल्यास मुलास एक बिंदू सापडला, एवढेच म्हणता येईल. आणि तेवढ्यासाठी पाठ्यपुस्तकातील नकाशा पुरेसा होता.