योगाभ्यास, आरोग्य आणि नाम

श्रीज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर चातुर्मासात आमचे भिवंडीस निरूपण चालले होते. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. देवळात वीणा लागली तरी भिंतीपलीकडच्या मागांची खटखट काही थांबत नाही. सांगणाऱ्याला तिच्यावर आवाज चढवावा लागतो, आणि ऐकणारे तर दिवसभर तोच आवाज कानांत घेऊन आलेले असतात. योगाभ्यासाला जागा कशी असावी याचे माउलींनी मोठे रसाळ वर्णन केले आहे : एकांत, शुद्ध, झाडांची सावली, जवळ निर्मळ पाणी, मनाला आपोआप विसावा वाटेल अशी. ते वर्णन या मंडळींपुढे सांगताना आम्हांला संकोच वाटला, हे कबूल करतो. ज्याच्या खोलीत सहा माणसे दिवसपाळी-रातपाळीने निजतात, त्याने हा एकांत आणावा कुठून?

त्या संध्याकाळी प्रसाद घेऊन सारी मंडळी गेली तरी एक विद्यार्थी मागे रेंगाळला. महाविद्यालयात शास्त्र शाखेला शिकणारा मुलगा, बाप मागावर कामाला. बगलेत एक जाड वही. ‘योगाभ्यासाचे आरोग्यास फायदे’ या विषयावर त्याला प्रकल्प करायचा होता. वहीत रकाने आखलेले : तारीख, आसन, नाडीचे ठोके, मिनिटाला श्वास, रक्तदाब, झोप, कंबरदुखी. स्वतःवर, घरच्यांवर आणि आळीतल्या चार-पाच जणांवर त्याने तीन महिने हे मोजमाप चालवले होते. गणेशपुरीलाही जाऊन आला होता. नित्यानंदबाबांनी जिथे १९६१ साली देह ठेवला ते गणेशपुरी भिवंडी तालुक्यातच आहे, त्यामुळे योग हा शब्द इकडच्या माणसाला परका नाही.

मुलाने विचारले, “महाराज, माउली स्वतः योगी ना? मग वारकऱ्यांनी योग का सोडला?”

प्रश्न चांगला आहे, आणि तो पुष्कळांच्या मनात असतो. म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

वारकऱ्यांनी योग सोडला असे म्हणणे बरोबर नाही. आमच्या घराण्याचे मूळच नाथपंथात आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना, निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उपदेश केला, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर आणि वोढियाणा या तिन्ही बंधांचे वर्णन आहे. कुंडलिनीचे तर असे वर्णन आहे की वाचणाऱ्याने श्वास रोखावा. हे सारे अनुभवाचे बोल आहेत, ऐकीव नव्हेत. मात्र तिथेच गीतेचा आधार घेऊन माउली हेही बजावतात की, खाणे मापात, बोलणे मापात, चालणे मापात, झोप आणि जागणे वेळेवर. अतिखादाडाला योग नाही, तसा उपाशी मरणाऱ्यालाही नाही. इतकी साधी, घरगुती अट! आणि लोक नेमकी तीच उडी मारून ओलांडतात व थेट कुंडलिनीवर जातात.

आता चांगदेवांकडे पाहा. परंपरा सांगते की चौदाशे वर्षे योगबळाने देह राखलेला हा महापुरुष वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन निघाला. आधी पत्र पाठवले ते कोरेच, कारण समोरच्याला आशीर्वाद लिहावा की नमस्कार हेच ठरेना. मुक्ताबाईंनी ते कोरे पत्र पाहून म्हटले म्हणे, की चौदाशे वर्षे झाली तरी हा कोराच! उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. या कथेत योगाची निंदा नाही. देह चौदाशे वर्षे टिकवला, त्याचे केले काय, एवढाच प्रश्न आहे. आणि हाच प्रश्न निरोगी देहाला विचारायचा असतो. मोह्यासारखा घट्ट देह कमावला आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडला नाही, मुखी नाम आले नाही, तर तो मजबूत पेटाऱ्यासारखा : कुलूप भक्कम, आत काही नाही.

मुलाला हे पटले, पण त्याची वही वेगळे मागत होती. “म्हणजे फायदा आहे की नाही ते सांगा ना,” तो म्हणाला. शास्त्राचा विद्यार्थी तो, कथेवर कसा भागणार? मग त्याला आम्ही त्याच्याच जातीच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. जात म्हणजे मोजून पाहणाऱ्यांची, बरे का!

जगन्नाथ गणेश गुणे हे १८८३ साली गुजरातेत डभोई येथे जन्मले. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी म्हणून योगी होते, त्यांच्यापाशी ते योग शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद. गुरूंचे शब्द त्यांनी डोक्यावर घेतले, पण डोळे मिटून नव्हे. १९२४ साली बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान व नौली करणाऱ्यांच्या पोटाचे क्ष-किरणांनी निरीक्षण केले, दाब मोजणारी नळी लावली. नौलीच्या वेळी आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी होतो, म्हणून पाणी आत ओढले जाते, असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. तोवर लोक त्याचे कारण भलतेच सांगत होते. त्याच वर्षी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. ज्ञानेश्वरीत ज्याला वोढियाणा म्हटले तोच बंध सहाशे चौतीस वर्षांनी क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसला. यात आम्हांला मौज वाटते ती ही, की या भक्ताने शिष्य असूनही मोजण्याची लाज बाळगली नाही आणि मोजणारा असूनही गुरूंना विसरला नाही.

मोजल्यावर काय दिसते? थोडे दिसते, पण खरे दिसते. कंबरदुखीचेच घ्या. मागावर बारा तास उभे राहणाऱ्याला ती दुसऱ्याने सांगायला नको. २०१७ साली जगभरच्या १२ चाचण्या आणि १०८० माणसे यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम मुळीच न करणाऱ्यांच्या मानाने योगासने करणाऱ्यांना थोडा ते मध्यम आराम पडतो, असे त्यात निघाले. पण दुसरा चांगला व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने फारसा फरक नाही, हेही त्यातच आहे. रक्तदाब काही जणांचा थोडा उतरतो. मन निवते, झोप सुधारते. आणि ‘दीर्घ श्वासाने प्राणवायू भरपूर मिळतो’ असे जे सर्रास सांगतात, त्याचे काय? धडधाकट माणसाचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वाटे! भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? लाभ आहे तो श्वास संथ होण्यात, नाडी आणि मन शांत होण्यात.

इथे वारकऱ्याने कान टवकारावे. २००१ साली इटलीतील संशोधकांनी तेवीस निरोगी माणसांची पाहणी केली. ख्रिस्ती लोकांची जपमाळ लॅटिन भाषेत म्हणवून घेतली आणि एक बौद्ध मंत्रही म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीला त्यामुळे सुखावह वळण मिळाले. देव वेगळा, भाषा वेगळी, पण श्वास एकच! आम्ही हे मुलाला सांगितले तेव्हा त्याचे डोळे चमकले. “म्हणजे हरिपाठानंही होत असेल?” होत असेल, बाबा. पण नाम रक्तदाबासाठी घेऊ नये. आईला हाक मारली की घसा मोकळा होतो हे खरे असले, तरी घशासाठी कोणी आईला हाक मारत नाही.

एवढे बोलणे झाले तोवर रात्र पडली. मुलगा वही मिटू लागला आणि आमच्या ध्यानात आले की मधली दोन पाने त्याने डिंकाने एकमेकांस चिकटवली आहेत. “हे काय?” असे विचारताच त्याचा चेहरा उतरला.

“ते पान प्रकल्पात द्यायचं नाही, महाराज.”

का द्यायचे नाही ते हळूहळू बाहेर आले. त्याच्या वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मुलाने कुठल्याशा शिबिरात ऐकले की प्राणायाम नीट केला तर गोळ्यांची गरज राहत नाही. त्याने घरी येऊन ते सांगितले, बापानेही ऐकले. शिकलेला लेक सांगतोय म्हटल्यावर गोळ्यांचे पैसे वाचले तर बरेच, असे त्या माणसाला वाटले असणार. तीन आठवडे त्यांनी रोज पहाटे प्राणायाम केला. तीन आठवड्यांनी रातपाळीत तुटलेला धागा जोडताना त्यांना घेरी आली आणि ते मागाच्या कडेवर आपटले. कपाळाला चार टाके पडले. दाब मोजला तर १९० वर ११०. मुलाने तो आकडा इमानाने वहीत लिहिला होता आणि मग पान चिकटवले होते. “मीच सांगितलं होतं बाबांना,” एवढे बोलून तो गप्प झाला.

वाचकहो, त्या मुलाला रागे भरणे सोपे होते. पण आम्हांला प्रथम आमचीच आठवण झाली. टाळ्या मिळाव्यात म्हणून आम्हीही कीर्तनात कितीदा ठणकावून सांगितले आहे, की नामाने सर्व रोग जातात! संतांनी नामाला औषध म्हटले ते भवरोगावर. भवरोग म्हणजे जन्ममरणाचे दुखणे. त्याचा अर्थ रक्तदाब, मधुमेह आणि खोकला असा आम्ही कधी लावला आणि श्रोत्यांच्या गळी कधी उतरवला, ते आमचे आम्हांलाही कळले नाही. भोळ्या माणसाने ते ऐकून औषध टाकले असेल तर त्याचा दोष कोणाच्या पदरी? ज्या तोंडाने विठ्ठल म्हणायचे त्याच तोंडाने आम्ही ते बोललो. परमार्थाच्या बोलण्यात थोडे वाढवले तर चालते, अशी आपली एक समजूत आहे. ती मुळातच खोटी आहे. औषधाच्या दुकानात चुकीची पुडी बांधणाऱ्याला आपण सोडत नाही, मग व्यासपीठावरून चुकीची पुडी देणाऱ्याला का सोडावे?

दुसऱ्या टोकालाही एक खोट आहे. ‘देह नाशवंत, त्याची कसली काळजी’ असे म्हणून बायकापोरांना वाऱ्यावर सोडणारे, तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवूनच भजनाला बसणारे टाळकरी आम्ही पाहिले आहेत. आळंदीहून पंढरी अडीचशे किलोमीटर. ते चालायला पाय लागतात, टाळ धरायला मनगट लागते, गायला छाती लागते. देह हा भाड्याचा बैल खरा, पण वारी पुरी व्हायच्या आत त्याला उपाशी मारणारा शहाणा म्हणायचा का?

मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की ते पान उघड. कुवलयानंदांच्या नळीत जो दाब दिसला तोच त्यांनी लिहिला. मनासारखा दिसला नसता तर तोही लिहावाच लागला असता. तुझ्या वहीत सगळ्यात मोलाचे पान तेच आहे, कारण ते वाचून आणखी कोणाचा तरी बाप गोळ्या सोडायचा थांबेल. त्याने विचारले, “मग बक्षीस जाईल ना?” जाईल कदाचित. आम्ही त्याला खोटा धीर दिला नाही.

बापासाठी जे सांगितले ते इथेही लिहून ठेवतो, कारण तशी माणसे घरोघर आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू, त्यांना विचारल्यावाचून एक चुकवायची नाही. श्वास संथ घ्यावा, कोंडून धरू नये. दाब चढलेला असताना डोके खाली आणि पाय वर अशी आसने नकोत. काचबिंदू असेल तर शीर्षासन मुळीच नको. कंबरेसाठी सोपी आसने पाळी संपल्यावर दहा मिनिटे, जाणत्याच्या देखरेखीखाली. मागावर नाकातोंडाला फडके बांधावे. सुताची तूस छातीत गेली तर ती कोणत्याही आसनाने परत येत नाही. आणि उभे राहताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा. सवयीने मागावाला एका पायावर रेलतो आणि कंबर वाकडी होते. पांडुरंगाकडे पाहा म्हटले : विटेवर समचरण, दोन्ही पाय सारखे, हात कटीवर. अठ्ठावीस युगे उभा आहे असे आपण म्हणतो. मागावाल्याला उभे राहण्याचा गुरू याहून कोण हवा? वडील हसले म्हणे हे ऐकून.

पुढच्या एकादशीला बाप-लेक दोघेही देवळात आले. कपाळावरची खूण फिकट झाली होती. मुलाने वही दाखवली. चिकटवलेली पाने पाण्याने भिजवून सोडवली होती, कागद जरा फाटला होता, पण आकडे वाचता येत होते. खाली त्याने लिहिले होते की गोळ्या माझ्या सांगण्यावरून बंद झाल्या होत्या. गोळ्या पुन्हा सुरू केल्यानंतरचे आकडे पुढे होते. ते उतरत होते, पण ते गोळ्यांनी की अभ्यासाने हे या वहीवरून सांगता येणार नाही, असेही त्याने लिहिले होते.

हरिपाठ सुरू झाला. आमच्या देवळातले एक ऐंशी वर्षांचे टाळकरी डोळे मिटून म्हणत होते. मुलगा त्यांच्या समोर घड्याळ घेऊन बसला, त्यांचे श्वास मोजायला. पहिल्या मिनिटाला त्याने सात अशी खूण केली. दुसऱ्याला सहा. मग कोणीतरी त्याच्या हाती टाळ दिले, आणि पुढचे आकडे त्या रकान्यात नाहीत.