वाजश्रवसाच्या गाई आणि माळ्यावरचा टीव्ही

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी टीव्हीच्या संचांना हार पडू लागले. कुणी उदबत्ती लावायचं, कुणी आंघोळ उरकल्याशिवाय समोर बसायचं नाही. पुढच्या वर्षी मालिका संपली. काळा-पांढरा संच गेला, रंगीत आला, मग भिंतीला चिकटणारा आला. एकेकाळी ओवाळलेलं ते खोकं मुंबईतल्या वाकोल्याच्या कुठल्या तरी दीड खोलीत माळ्यावर चढलं, नाहीतर गल्लीत ‘भंगाऽऽर’ अशी आरोळी आली तेव्हा जिन्यावरून खाली उतरलं.

भंगलेल्या मूर्तीचं काय करायचं, हे धर्माला पक्कं ठाऊक आहे. निर्माल्यासाठी पालिका कलश ठेवते. तडकलेल्या काचेची तसबीर लोक पिंपळाच्या पाराशी नेऊन ठेवतात. तेही बरोबर नाही, पण निदान हात थबकतो. चोवीस तास गायत्री मंत्र म्हणणारी प्लॅस्टिकची डबी बंद पडली की मात्र अडतं. ती निर्माल्य की भंगार?

नको झालेल्या वस्तूला निरोप द्यायच्या परंपरेतल्या वाटा मोजक्याच: पाणी, अग्नी आणि दान. पहिल्या दोन वाटा माती, फुलं, लाकूड, तूप यांच्यासाठी आखलेल्या. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, एलईडी येण्याआधीच्या सपाट पडद्यांमागे पाऱ्याच्या बारीक नळ्या. तांब्यासाठी पीव्हीसीची वायर उघड्यावर जाळली, तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात. हा अग्नी देवांपर्यंत काही पोचवत नाही, तो जाळणाऱ्याच्याच छातीत शिरतो. आणि पाण्याबद्दल वाकोल्याला कुणी शिकवायची गरज नाही. इथला नाला मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा नाल्याच्या हवाली केलेलं बरंच काही तळमजल्यांवर परत आलं.

राहिलं दान. इथे कठोपनिषदाची सुरुवात आठवते. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि दक्षिणेत गाई देतो त्या दूध आटलेल्या, पुन्हा विण्याची आशा नसलेल्या. घेणाऱ्याच्या दारात फक्त त्यांना पोसायचा भार जाणार. त्याच्या पोरवयाच्या मुलाला, नचिकेताला, हे बघवत नाही. मीही तुमचाच, मग मला कुणाला देणार, असं तो बापाला पुन्हा पुन्हा विचारतो आणि चिडलेला बाप त्याला यमाला देऊन मोकळा होतो. यमाने सांगितलेली आत्मविद्या पुढे जगभर गाजली. गाईंचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ‘बाईला देऊन टाकला’ असं ज्या मिक्सरबद्दल सांगितलं जातं, तो बहुतेकदा वाजश्रवसाच्या गोठ्यातला असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे. अवेळी, भलत्या जागी, अनादराने दिलेलं तिथे तामसात जमा होतं. घर रिकामं करण्याच्या या खटपटीला हल्ली अपरिग्रह म्हणायचीही पद्धत आहे. पण अपरिग्रह घेताना पाळायचा असतो. नवा फोन मागवून जुना टाकण्याला ते नाव शोभत नाही.

भंगारवाला तर पैसे मोजतो, मग ते दान कसलं, असं कुणी म्हणेल. खरंय, तो सौदा आहे. तरीही वजनकाट्यावरून संच उतरला की विकणाऱ्याच्या मनातूनही उतरतो. पुढे कुर्ला, साकीनाका, धारावीच्या गाळ्यांत तो उघडला जातो. चालणारे भाग दुरुस्तीला जातात, आणि या कामात भंगारवाल्याइतका काटकसरी माणूस शहरात सापडणं कठीण. वाईट व्हायचं ते उरलेल्याचं होतं, हातमोज्यांशिवाय, कधी आम्लाच्या बादलीत. त्याचा दोष एकट्या भंगारवाल्यावर ढकलणं सोयीचं आहे, इतकंच. जगात २०२२ साली सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची.

कायद्याने हा प्रश्न निराळ्या टोकाने धरला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणं आहेत, आणि विकून झालं म्हणून उत्पादकाला ‘आता ते माझं नाही’ असं म्हणता येत नाही. ठरलेल्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया झाल्याचा हिशेब त्याने द्यायचा. कर्म केलं की फळाशी नातं राहतं, हे सरकारी भाषेत यापेक्षा स्पष्ट सांगता आलं नसतं! बंधनं आहेत ती उत्पादक, दुरुस्ती करणारे, मोठे ग्राहक आणि पुनर्प्रक्रिया करणारे यांच्यावर. तुमच्या-आमच्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाला मोकळं सोडलं आहे, म्हणजे त्याच्या विवेकावर.

वाकोल्यातल्या सेंट अँथनी चर्चला जाणाऱ्यांना हा धागा वेगळ्या दाराने सापडेल: पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू आणि माणसं फेकून द्यायच्या वृत्तीला एकाच ओळीत बसवलं आहे. नचिकेताचा ‘कुणाला?’ हा प्रश्न मात्र सरळ व्यवहाराचा आहे आणि त्याला उत्तरही आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांच्या याद्या असतात. अंधेरीत कचेरी आणि वसईत कारखाना असलेली इको रिसायकलिंग ही त्यांतली एक. सोसायटीतल्या दहा घरांचं सामान एकत्र केलं तर टेम्पो बोलावणंही परवडतं. फोनमधली माहिती आधी पुसायची, सुटे सेल वेगळे ठेवायचे, आणि तांब्याच्या मोहाने वायर घरीच कापून घ्यायची नाही. मंत्राची डबीही त्याच पिशवीत.